पापणी मिटवण्याची परवानगी

गौतम नंदेश्वरला राग येतो हे रायपूरच्या गुढियारीत कोणाला सांगावं लागत नाही. दूध पातळ आलं की राग, गल्लीच्या तोंडाशी कोणी गाडी आडवी लावली की राग, बँकेत 'सर्वर डाउन है' ऐकलं की राग. "मामाजीनं नाव गौतम ठेवलं, अन् नाकावर पाहा तर विस्तव," असं त्याची बायको शर्मिष्ठा सासऱ्यांचं नाव काढून शेजारणींना सांगते आणि तोही तिथेच बसून ऐकतो. पण खरं बोलायचं तर हा माणूस उगाच चिडत नाही. ज्या गोष्टीला बाकीचे मान खाली घालून 'चलता है' म्हणतात, तिथे हा मान वर करतो, एवढाच त्याचा गुन्हा.

वडील यशवंतराव भंडाऱ्याकडून रायपूरला रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमध्ये नोकरीला आले आणि इथलेच झाले. गौतमने आय.टी.आय. केलं आणि बावीस वर्षांपूर्वी शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात लागला. तिथे एक आडवी, लांबलचक, सावकाश फिरणारी भट्टी असते. लोहखनिज आणि कोळसा तिच्यात एकत्र भाजतात. सगळे तिला किल्न म्हणतात. पहिली अकरा वर्षं गौतम त्या किल्नच्या तोंडाशी उभा राहिला. निळ्या काचेचा तुकडा डोळ्यांसमोर धरायचा, त्यातून आत बघायचं आणि आगीच्या रंगावरून पोटात काय चाललंय ते ओळखायचं. त्याची ओळख चुकत नाही हे वरच्यांना कळलं, म्हणून त्याला पॅनेलवर घेतलं.

पॅनेल म्हणजे वरच्या मजल्यावरची बंद, थंडगार खोली. भिंतीवर पाच मोठे स्क्रीन, त्यांवर आकडे, रेषा, लाल-हिरवे ठिपके. दोन ऑपरेटर, आठ तास. खाली किल्नवर राबणारी माणसं या दोघांच्या नजरेवर जगतात. आतला दाब वाढला आणि वरच्याने वेळेत सांगितलं नाही, तर किल्नच्या तोंडातून आग बाहेर येते. गौतम पॅनेलवर आला त्याच सुमारास पलीकडच्या एका कारखान्यात पॅनेलवरच्या माणसाला डुलकी लागली होती आणि खाली एकाचा अर्धा चेहरा भाजून गेला. गौतमने त्या माणसाला दवाखान्यात पाहिलं. त्या दिवसापासून तो ड्यूटीआधी भात खात नाही. छत्तीसगडात राहून भात सोडणं काय असतं, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. अकरा वर्षांत पॅनेलवर त्याची मान एकदाही लवंडली नाही, आणि सगळ्या आयुष्यात त्याला अभिमान कशाचा असेल तर एवढ्याच एका गोष्टीचा.

तर अशा माणसाचे डोळे दोन वर्षांपासून जळायला लागले. शिफ्ट संपेपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, पाणी यायचं, आकडे एकमेकांवर चढायचे. घरी आल्यावर कपाळ ठणकायचं आणि मग डाळीत मीठ कमी पडलं तरी वाटी आपटली जायची. मुलगी सोनिया बी.एड. करते. ती म्हणायची, "पापा, डॉक्टर को दिखाओ ना." मराठी तिला सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच.

"डॉक्टर कायले? मले मालूम आहे काय झालं ते."

त्याला काय मालूम होतं? भट्टीवाल्यांनाच होऊ शकते अशी चूक त्याने केली. आग बघायची तर रंगीत काच लागते, स्क्रीनही उजेडच ओकतो, तेव्हा त्यालाही रंगीत काच लागणार! तो सदर बाजारात गेला. चष्म्याच्या दुकानात एकाने निळ्या उजेडाचं पेन काचेवर मारून दाखवलं. उजेड पलीकडे गेला नाही. गौतमला किल्नची काच आठवली आणि तो खूश झाला. चष्मा घालून तो दुसऱ्या दिवशी कामावर गेला आणि त्याच्या भरवशावर आणखी सात जणांनी तसेच चष्मे आणले. महिन्याभराने आठ जणांचे डोळे पहिल्यासारखेच लाल होते, वर चष्म्याचा भार नाकाला. तेव्हा तो प्रथम स्वतःवर चिडला, आणि मग सरकारी दवाखान्यात गेला.

डॉक्टर रीना मिंज जशपूरकडच्या. त्यांनी दिवा टाकून, कागदाची पट्टी लावून डोळे तपासले आणि म्हणाल्या, "आँखों में कोई बीमारी नहीं है. आप पलक झपकाना भूल गए हैं."

"मतलब?"

त्यांनी समजावून सांगितलं. माणूस एरवी मिनिटाला पंधरा-एक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे रोखून बघताना ते पाच-सहावर येतं. डोळ्यावरचं पाणी सुकतं, त्यात एसीचा वारा तोंडावर. शिवाय तासन्‌तास जवळचंच बघून डोळ्यांचे स्नायू आखडतात. औषध म्हणून त्यांनी थेंब दिले आणि बाकी सगळी पथ्यंच सांगितली. दर वीस मिनिटांनी नजर उचलायची आणि वीस फुटांपलीकडचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. तसं बघायला काही नसेल तर तेवढा वेळ डोळे मिटून बसायचं. वारा तोंडावर घ्यायचा नाही, अक्षरं मोठी करायची, स्क्रीन नजरेच्या जरा खाली असावा.

"और चश्मा?" गौतमने विचारलं.

"वो अलमारी में रखिए."

गौतम तापला. बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला ही बाई पापणी मिटवायला शिकवते! तसं तो बोललाही. डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे सरकवली आणि सांगितलं, "चिल्लाते समय भी आपने एक बार पलक नहीं झपकाई. मैं गिन रही थी." पुढचा रुग्ण दारात उभा होता, म्हणून गौतमला उठावंच लागलं.

पण माणूस पथ्याचा पक्का. दुसऱ्या दिवशी त्याने पॅनेलरूम मोजली. लांबी सोळा फूट. वीस फूट कुठून आणणार? एका भिंतीला मोठी खिडकी होती, तिच्यातून अख्खा किल्न दिसत असे. दोन वर्षांपूर्वी दिल्लीहून पाहुणे कारखाना बघायला येणार होते. स्क्रीनवर उन्हाची चकाकी नको म्हणून मॅनेजरने त्या खिडकीला काळी फिल्म चिकटवून घेतली. पाहुणे चहा पिऊन गेले, फिल्म राहिली. दोन वर्षं! गौतमला तेव्हा कुठे उमगलं की आपले डोळे नेमके कधीपासून जळताहेत. त्याच पावली तो मॅनेजरकडे गेला. फिल्म काढा आणि पडदा लावा, ऊन आलं की आम्ही ओढून घेऊ, इतकं साधं म्हणणं.

"खिड़की से क्या देखोगे?" मॅनेजर म्हणाला. "देखना तो स्क्रीन ही है."

ज्याच्या स्वतःच्या खोलीला दोन खिडक्या आणि बाहेर बगीचा, त्याने हे म्हणावं! पण गौतमने तो राग गिळला, कारण डोळे आधी बरे करायचे होते. एसीच्या तोंडाला त्याने पुठ्ठा बांधला. स्क्रीनवरचे आकडे मोठे करून घेतले. स्क्रीन भिंतीतच पक्के बसवलेले होते, म्हणून खुर्चीखाली फळी घालून स्वतःच उंच झाला. आणि दर वीस मिनिटांनी शेजारच्या हरिदासला सांगायचा, "हरिदास, देख." हरिदास मानिकपुरी हा जोडीदार ऑपरेटर. तो दोन्हीकडचे आकडे बघायचा आणि गौतम डोळे मिटून वीस मोजायचा. पॅनेल एक क्षणही बेवारस सोडलं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण कारखान्याची एक रीत आहे. पॅनेलवर जे केलं ते लॉगबुकात लिहायचं. लिहिलं नाही तर ते झालंच नाही, आणि लपवलं असेल तर नोकरी गेली. या लॉगबुकात गौतमचं अक्षर सगळ्यांत सुंदर. त्याने दर तासाच्या आकड्यांशेजारी शेऱ्याच्या रकान्यात तेही लिहायला सुरुवात केली: '११.२०, आँख बंद, २० सेकंड, पैनल हरिदास के पास, सब नॉर्मल.' शिफ्टमध्ये चोवीस वेळा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण प्रामाणिक माणसाला ते लिहिताना कसं कळावं?

दहा दिवसांत डोळे निवले. शर्मिष्ठाने एका संध्याकाळी बघितलं तर हा खाटेवर बसून पेपरातल्या बारीक जाहिराती वाचत होता. "आज काहून चिल्लावून नाई राहिले तुम्ही?" तिने विचारलं.

"डाळ चांगली झाली."

"डाळीत मीठच नाई टाकलं मी. पाहून राहिली होती."

बाराव्या दिवशी नोटीस आली. एच.आर.मध्ये अभिनव तिवारी म्हणून एक तिशीतला अधिकारी नव्याने आला होता. पॅनेलरूमच्या कॅमेऱ्याचं चित्रण तपासायचं काम त्याने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. नोटिशीत आरोप होता: ड्यूटीवर झोपणे. सोबत कॅमेऱ्यातले फोटो, गौतम डोळे मिटून खुर्चीवर बसलेला. आणि त्याखाली लॉगबुकाच्या पानांच्या झेरॉक्स, वर लिहिलेलं, 'कर्मचारी ने अपनी ही लिखावट में स्वीकार किया है.'

गौतमची तळपायाची आग मस्तकात गेली. अभिनवच्या टेबलावर त्याने झेरॉक्स आपटल्या. "सोनेवाला आदमी लिखके सोता है क्या? टाइम डालके?"

अभिनवचा आवाज वाईट नव्हता, हेच जास्त वाईट. "गौतमजी, बात बढ़ाने का क्या फायदा? एक माफीनामा लिख दीजिए. नींद लग गई थी, आगे से नहीं होगा. फाइल बंद, आप पैनल पर. नहीं तो इन्क्वायरी होगी, और फिर पैनल मैं नहीं बचा पाऊँगा."

म्हणजे झोपलो असं लिहून दिलं तर पॅनेल राहणार, आणि झोपलो नाही असं म्हटलं तर जाणार. असा न्याय कुठल्या शाळेत शिकवतात कोण जाणे! गौतम कागद घेऊन बाहेर पडला आणि जिना उतरताना भैय्यालाल भेटला. भैय्यालाल साहू किल्नच्या तोंडाशी काम करतो, जिथे गौतम पूर्वी उभा राहायचा तिथेच. रोज शंभरदा वॉकीटॉकीवर दोघांचं बोलणं. गौतमने 'हट' म्हटलं की भैय्यालाल कारण न विचारता मागे सरतो. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. तो घमेलं खाली ठेवून म्हणाला, "भैया, सच्ची मं सुत गे रहेस का?"

खरंच झोपला होतास का. बस, एवढंच. आवाजात टोचणी नव्हती, भांडण नव्हतं. भीती होती. ज्याच्या 'हट'वर आपण जगतो तो झोपतो की काय, ही साधी भीती. गौतम त्याच्यावर ओरडू शकला नाही. "नाही," एवढंच म्हणाला आणि बसकडे निघाला.

घरी माफीनाम्यावरून रण पेटलं. सोनिया म्हणाली, "पापा, साइन कर दो ना. एक कागज़ ही तो है. सब करते हैं."

"सब करते म्हनून मी करू? मी झोपलो नाई!"

"तो हम जानते हैं ना."

"तुले मालूम असून काय उपयोग? भैय्यालालले मालूम पाहिजे! उद्या मी हट म्हनलं अन् त्यानं इचार केला, हा जागा आहे का झोपेत बोलून राहिला? तेवढ्यात मरन तो!"

शर्मिष्ठा पोळ्या लाटत होती. आजवर नवऱ्याच्या रागाला तिने कधी दुजोरा दिला नव्हता. चारचौघांत हसण्यावारी न्यायची, घरात कानाडोळा करायची. तिने लाटणं बाजूला ठेवलं. "सही नोका करू," ती म्हणाली. "बावीस वर्सं तुम्ही डब्यात भात नेला नाई. मले ठावं आहे. त्या नोटीसवाल्या पोट्ट्याले काय ठावं?" भात सोडून अकराच वर्षं झाली होती, पण हिशेब दुरुस्त करायची ती वेळ नव्हती.

चौकशी अभिनवच्या खोलीत झाली. साक्षीला हरिदास. त्याला अभिनवने विचारलं, नंदेश्वर झोपले होते का? हरिदासने पायांकडे बघितलं. "मैं तो अपना पैनल देख रहा था, साहब."

दहा दिवस चोवीसदा 'हरिदास, देख' ऐकलेला माणूस! गौतमने त्याच्याकडे असं बघितलं की हरिदासने खुर्ची हातभर मागे घेतली. मग गौतम अभिनवला म्हणाला, "वीडियो चलाइए. पूरी शिफ्ट."

"पूरी क्यों? ग्यारह बीस वाला देख लेते हैं ना."

"वीस सेकंड देखके मुझे सोया बोला. अब आठ घंटे देखके बोलिए. और फास्ट में भगाना नहीं. जैसे मैंने काटा वैसे देखिए."

कायद्याने आरोपीला पुरावा पाहायचा हक्क असतो, हे अभिनवला ठाऊक होतं. त्याने लॅपटॉप उघडला. सकाळचे दहा वाजले होते. पडद्यावर सहा वीसला गौतमने हरिदासकडे वळून काहीतरी म्हटलं, हरिदासची मान इकडे वळली, गौतमने डोळे मिटले आणि उघडले. सहा चाळीसला तेच. सातला तेच. सात वीसला तेच. "घड़ी लगाके कोई सोता है?" गौतमने विचारलं. अभिनवने वेळ टिपून घेतली. हरिदासची मान दर वेळी कशी वळते ते तिघांनाही दिसत होतं, आणि हरिदास घाम पुसत होता.

तास गेला, दुसरा गेला. अभिनव नोंदी करत लॅपटॉपला नाक लावून बसला होता. पहिल्यांदा त्याने चष्मा काढून पुसला. मग डोळे चोळले. मग खिडकीबाहेर ट्रकांच्या रांगेकडे उगाच बघत राहिला. बारा वाजायच्या सुमारास त्याने खुर्चीला डोकं टेकलं, दोन बोटांनी पापण्या दाबून धरल्या आणि तसाच राहिला.

हरिदास भित्रा आहे, पण खोडसाळ मुळीच नाही. त्याने खरोखरच काळजीने विचारलं, "साहब सो गए क्या?"

अभिनवने झटकन डोळे उघडले. ते लाल होते. गौतमला हसू आलं नाही. उलट राग दुप्पट झाला. दोन तासांत या माणसाची ही गत झाली, खिडकी असून, मधे चहा पिऊन, आणि खाली कोणाचा जीव टांगलेला नसून!

"ठीक है," अभिनव म्हणाला. "मान लिया, सोए नहीं थे." त्याने कागदावर काहीतरी खोडलं. पण नोटीस काढून ती रिकामी परत घ्यायची म्हणजे स्वतःची मान खाली. त्याने जुनी युक्ती केली. "लेकिन आँख बंद करने की परमिशन किससे ली थी? बिना परमिशन, इतना तो लिखना पड़ेगा."

गौतम उभा राहिला. पाण्याचा पेला फुटणार, टेबल उलटणार, असं हरिदासला वाटलं. पण काहीच झालं नाही. गौतम शांतपणे म्हणाला, "परमिशन चाहिए ना? अभी लेता हूँ," आणि आवक खिडकीवर गेला.

तिथे लता बसते, कागद घेऊन शिक्का मारणारी. तिच्याकडून त्याने कोरा कागद मागितला आणि उभ्यानेच, लॉगबुकात लिहितो तशा टपोऱ्या अक्षरात अर्ज लिहिला. अर्ज हिंदीत होता. मजकूर असा: 'विषय: ड्यूटीवर पापणी मिटवण्याची परवानगी मिळण्याबाबत. महोदय, मी पॅनेलवर आठ तास काम करतो. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे माणसाची पापणी मिनिटाला पंधरा वेळा मिटते. त्या हिशेबाने एका शिफ्टला माझे डोळे सात हजार दोनशे वेळा बंद होतील. याशिवाय दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, कारण खिडकीला काळी फिल्म असल्याने लांबचे काही दिसत नाही. तरी लेखी परवानगी द्यावी. परवानगी येईपर्यंत पापणी उघडी ठेवण्याची जबाबदारी कोणाची, तेही कळवावे.'

लताने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि शिक्का इतक्या जोरात मारला की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावलं.

या शिक्क्याला कारखान्यात वजन आहे. आवक झालेल्या कागदाला सात दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर तो आपोआप सुरक्षा समितीच्या बैठकीत जातो, आणि तिथे मालकाचा माणूस बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लताच्या खिडकीवर दुसरा अर्ज आला. खाली सही, हरिदास मानिकपुरी. त्याच्यात एक ओळ जास्त होती: 'नंदेश्वर भैया डोळे मिटताना दर वेळी मला सांगत असत आणि मी बघत असे.' ती ओळ लिहायला हरिदासला किती जोर लागला असेल ते त्याच्या अक्षरावरून दिसत होतं. गौतमने ती वाचली आणि "आता आठवलं काय रे?" म्हणून त्याला चांगला झापला. मग दोघांनी एका डब्यात जेवण केलं. चार दिवसांत तिन्ही शिफ्टच्या आणि बदलीवरच्या सगळ्या ऑपरेटरांचे अर्ज आले, त्यात चष्मेवाले सातही होते. पापणी मिटवण्याची परवानगी मिळावी, पापणी मिटवण्याची परवानगी मिळावी, असे बारा कागद.

आता मॅनेजरने करायचं काय? परवानगी द्यावी तर आजवर मनाई होती असं कबूल होतं. नाकारावी तर तो कागद वरपर्यंत जाऊन सगळा सिलतरा हसणार. सहाव्या दिवशी त्याने गौतमला बोलावलं. "मज़ाक बना रखा है?"

"मज़ाक मैंने नहीं बनाया, साहब. मैंने सिर्फ अर्जी दी."

सातव्या दिवशी दोन माणसं पॅनेलरूममध्ये आली आणि पात्याने खिडकीची फिल्म खरवडायला लागली. तासाभरात उजेड आत आला. खाली किल्न फिरत होता, तोंडाशी माणसं होती, त्यांच्यापलीकडे चिमण्या आणि धुरकट आभाळ. बघण्यासारखं काही नव्हतं, पण लांब होतं. हरिदासने वीस सेकंद बघायचं ठरवलं आणि चांगली दोन मिनिटं बघत राहिला.

गौतमला मात्र खिडकीवर समाधान मानून गप्प बसायचं नव्हतं. त्याच्या फाइलीत अजून झोपल्याचा कागद होता. शिफ्ट संपल्यावर तो अभिनवकडे गेला. अभिनवने पत्र तयारच ठेवलं होतं. नोटीस मागे घेण्यात येत आहे, वगैरे. गौतमने उभ्यानेच वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. पत्रात लिहिलं होतं, 'कर्मचारी को संदेह का लाभ देते हुए.'

"संदेह किसको था?"

"गौतमजी, ये तो भाषा है. ऐसे ही लिखते हैं."

"ऐसेही लिखते हैं करके तो यहाँ तक आए!" गौतमचा आवाज चढला. शेजारच्या खोलीतली कामं थांबली. "नीचे मेरे आदमी ने मुझसे पूछा, सोए थे क्या. ग्यारह साल में पहली बार पूछा. उसको मैं ये कागज़ दिखानेवाला हूँ. उसमें संदेह लिखा रहेगा तो वो पढ़ेगा ना? लिखिए, नहीं सोया था. सीधा. और नहीं लिखना तो बोलिए, मैं दूसरी अर्जी लिखता हूँ."

अभिनवने त्याच्याकडे बघितलं, मग कागदाकडे. वाद घालायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. त्या दिवशी त्याने सकाळपासून कोणाचं तरी दुसरं चित्रण पाहिलं असावं. डोळ्यांच्या कडा सुजल्या होत्या. पत्र त्याने फाडलं आणि लॅपटॉप पुढे ओढला. मान पुढे काढून, डोळे स्क्रीनवर खिळवून तो टाइप करायला लागला. एक ओळ झाली. खोडली. पुन्हा सुरू केली. गौतम टेबलाच्या या बाजूला हाताची घडी घालून उभा होता आणि त्याला बघत होता. मिनिट झालं. दीड झालं. आणि मग गौतम नंदेश्वर, सगळा राग आवाजात तसाच ठेवून, इतक्या जोरात गरजला की आवाज ऐकून दारात आलेली लता दचकली.

"अहो साहब! पलक झपकाओ पहले. फिर लिखो."